अमेरिकन कॉलेजच्या फॉर्मवर मेजर कुठलं टाकायचं? सविस्तर, पायरी पायरीने

दरवर्षी १ ऑगस्टला कॉमन अ‍ॅप (बऱ्याच अमेरिकन कॉलेजांना अर्ज करायचा एकच ऑनलाइन फॉर्म) नव्या सीझनसाठी उघडतं आणि मराठी पालकांच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, मग तो न्यू जर्सीचा असो, बे एरियाचा असो नाहीतर पुण्या-मुंबईतून मुलांना थेट अंडरग्रॅडला पाठवणाऱ्यांचा असो, तेच प्रश्न सुरू होतात. मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय, म्हणून सीएस (कॉम्प्युटर सायन्स) टाकलं तर रिजेक्ट होईल का, अनडिक्लेअर्ड (विषय अजून ठरलेला नाही) टाकलं तर वाईट दिसतं का, आधी काहीतरी सोपं टाकून आत गेल्यावर बदलता येईल का. उत्तरं लगेच येतात आणि एकमेकांच्या अगदी उलटी येतात, कारण ज्याचा अनुभव मेजर न बघणाऱ्या कॉलेजचा आहे तो म्हणतो काहीही टाका काही फरक पडत नाही, आणि ज्याचं मूल मेजरप्रमाणे सीट देणाऱ्या ठिकाणी अडकलं तो म्हणतो चार वर्षांचा प्रश्न आहे. दोघंही खरं बोलतायत, फक्त आपापल्या कॉलेजबद्दल.

आपला गोंधळ होतो त्याचं कारण आपल्या डोक्यात कॅप राउंड असतो. सीईटीचे पर्सेंटाइल, ऑप्शन फॉर्म, ब्रँच मिळाली की विषय संपला. अमेरिकेत असा एकच नियम नाहीये, प्रत्येक कॉलेजचा वेगळा आहे, कधीकधी एकाच युनिव्हर्सिटीतल्या दोन स्कूलचा (आतल्या विभागांचा) पण वेगळा. म्हणून "माझ्या मुलाने कुठलं मेजर घ्यावं" हा प्रश्न नुसता विचारून उपयोग नाही. फॉर्मवरचं मेजर म्हणजे त्या एका कॉलेजात तुम्ही कुठल्या दारातून शिरताय ते, आणि आत शिरल्यावर दुसऱ्या खोलीत जायचं दार उघडं राहतं की बंद होतं हे आधी बघायचं. हे बघायला दोन-तीन वीकेंड लागतात, पण लोक एसेवर (अर्जातल्या निबंधावर) महिने घालवतात आणि हे दोन वीकेंड वाचवतात, ते करू नका.

पायरी १ : लिस्टमधल्या प्रत्येक कॉलेजपुढे लिहा की ते मेजर बघून घेतात का

एक शीट उघडा. कॉलेजचं नाव, आणि पुढच्या रकान्यात अ‍ॅडमिशन कशावर आहे ते. ढोबळपणे चार प्रकार दिसतील.

पहिला प्रकार, जिथे अख्ख्या कॉलेजला अ‍ॅडमिशन मिळते, मेजर नंतर. एमआयटीत पहिलं वर्ष संपताना मेजर जाहीर करतात (तिथे मेजरला नंबर असतात, सीएस म्हणजे कोर्स ६, मॅथ्स म्हणजे कोर्स १८). स्टॅनफर्डला दुसऱ्या वर्षाच्या अखेरपर्यंत वेळ असतो, हार्वर्डला मेजरला कॉन्सन्ट्रेशन म्हणतात आणि ते दुसऱ्या वर्षी ठरतं. ब्राउनमध्ये तर ओपन करिक्युलम आहे, १९६९ पासून, मेजरबाहेर सक्तीचे विषय जवळजवळ नाहीत. अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स, पोमोना वगैरे लिबरल आर्ट्स कॉलेजेस पण याच प्रकारात. इथे फॉर्मवर मेजर विचारतात पण ते बांधून ठेवत नाही. याचा अर्थ ते वाचत नाहीत असा मात्र नाही, वाचणारा माणूस त्या मेजरच्या नजरेतूनच बाकीची फाइल बघतो, त्यामुळे काहीही टाका हे इथे पण चुकीचंच.

दुसरा प्रकार, जिथे आतल्या एखाद्या स्कूलला अर्ज करायचा असतो. कॉर्नेल हे सगळ्यात स्पष्ट उदाहरण, इंजिनिअरिंग, आर्ट्स अँड सायन्सेस, अ‍ॅग्रिकल्चर अँड लाइफ सायन्सेस, ह्युमन इकॉलॉजी अशा वेगवेगळ्या कॉलेजांपैकी एक निवडावं लागतं आणि एसे पण त्या कॉलेजसाठी लिहावा लागतो. गंमत म्हणजे तिथे सीएस इंजिनिअरिंगमधून पण करता येतं आणि आर्ट्स अँड सायन्सेसमधून पण, विषय तोच पण बाकीचे कोर्सेस वेगळे, एकीकडे फिजिक्स-केमिस्ट्री जास्त, दुसरीकडे परकीय भाषा आणि ह्युमॅनिटीज. युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियात कॉलेज (आर्ट्स-सायन्सचं), व्हार्टन (बिझनेसचं), इंजिनिअरिंग आणि नर्सिंग. कोलंबियात कोलंबिया कॉलेज आणि इंजिनिअरिंग. आपल्या न्यू जर्सीवाल्यांच्या रटगर्सचं पण असंच, इंजिनिअरिंग वेगळं, बिझनेस वेगळं, आणि सीएस मात्र स्कूल ऑफ आर्ट्स अँड सायन्सेसमध्ये, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि सीएस करायचं म्हणून इंजिनिअरिंग स्कूलला अर्ज जातो.

तिसरा प्रकार सगळ्यात कडक, थेट मेजरला अ‍ॅडमिशन. इलिनॉय अर्बाना-शँपेन, सिअ‍ॅटलची युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन, कार्नेगी मेलनचं स्कूल ऑफ कॉम्प्युटर सायन्स, यूटी ऑस्टिन (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास), कॅल पॉली सॅन लुइस ओबिस्पो, सॅन होजे स्टेट. इथे युनिव्हर्सिटीचा अ‍ॅडमिशनचा टक्का आणि सीएसचा टक्का यांचा एकमेकांशी संबंध नसतो. युनिव्हर्सिटी सहज घेतेय असं वाटतं आणि सीएसला मात्र आयव्हीइतकी गर्दी असते. टेक्सासमधल्या लोकांनी एक नीट समजून घ्या, यूटी ऑस्टिनची ऑटोमॅटिक अ‍ॅडमिशन (२०२६ च्या फॉलपासून वर्गातले टॉप ५ टक्के, आधी ६ होते) ही युनिव्हर्सिटीची आहे, मेजरची नाही. टॉप ५ टक्क्यांतलं मूल ऑस्टिनला नक्की जाईल, पण सीएस किंवा मॅककॉम्ब्स (तिथलं बिझनेस स्कूल) मिळेलच असं नाही.

चौथा, इंजिनिअरिंगला घेतात पण ब्रँच पहिल्या वर्षानंतर. पर्ड्यूमध्ये फर्स्ट इयर इंजिनिअरिंग असतं, टेक्सास ए अँड एममध्ये पहिल्या वर्षानंतर ब्रँच मिळवायच्या प्रक्रियेला ईटॅम (एन्ट्री टू अ मेजर) म्हणतात. मूल इंजिनिअरिंगला जाणार हे नक्की पण मेकॅनिकल की इलेक्ट्रिकल हे माहीत नाही, अशांना हे फार चांगलं, फक्त पहिल्या वर्षाच्या जीपीएवर (ग्रेडच्या सरासरीवर) ब्रँच ठरते हे लक्षात ठेवायचं आणि तिथे पोचल्यावर पहिलंच सेमिस्टर हलक्यात घ्यायचं नाही. आणि पर्ड्यूमध्ये सीएस इंजिनिअरिंगमध्ये नाही, सायन्सच्या कॉलेजमध्ये आहे, म्हणजे परत वेगळा अर्ज.

कॅलिफोर्नियाच्या यूसीचं (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं) मात्र एका प्रकारात बसत नाही. एकच फॉर्म, नऊ कॅम्पस, आणि प्रत्येक कॅम्पसचा नियम निराळा. यूसीएलएत इंजिनिअरिंगला मेजर बघतात पण लेटर्स अँड सायन्सला शक्यतो बघत नाहीत. बर्कलीत सीएस, डेटा सायन्स आणि स्टॅटिस्टिक्स आता वेगळ्या कॉलेजमध्ये गेलेत, ईईसीएस (इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि सीएस एकत्र) इंजिनिअरिंगमध्येच आहे, आणि २०२३ पासून आत जाऊन मग सीएस डिक्लेअर करू हा जुना रस्ता राहिलेला नाही. म्हणजे ज्या दादा-ताईने २०१८ ला बर्कलीत प्रवेश घेतला त्यांचा सल्ला आज लागू नाही. कुणाचाही सल्ला घेताना त्यांचं अ‍ॅडमिशनचं साल आधी विचारा.

पायरी २ : दार मागे बंद होतं का ते शोधा

शीटमध्ये आणखी दोन रकाने करा. एक, आत गेल्यावर या मेजरमध्ये बदलून येता येतं का. दोन, पहिली पसंती मिळाली नाही तर काय होतं.

पहिल्यासाठी कॉलेजच्या अ‍ॅडमिशनच्या पानावर थांबू नका, ते पान जाहिरातीचं असतं. त्या डिपार्टमेंटच्या साइटवर करंट स्टुडंट्सचा भाग उघडा आणि चेंज ऑफ मेजर, इंटरनल ट्रान्सफर, इंटरकॉलेज ट्रान्सफर असं शोधा. तिथे खरी भाषा असते. स्पेस अव्हेलेबल, कपॅसिटी कन्स्ट्रेन्ड, लिमिटेड एनरोलमेंट, सिलेक्टिव्ह मेजर, कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत इम्पॅक्टेड, हे शब्द दिसले की समजायचं जागा मोजक्या आहेत आणि अर्ज करूनही नकार येऊ शकतो. वॉशिंग्टनचं सीएस शिकवणारं अ‍ॅलन स्कूल तर बऱ्यापैकी उघडच सांगतं की फक्त सीएसच करायचं असेल आणि थेट प्रवेश मिळाला नसेल तर दुसऱ्या कॉलेजचा विचार करा. इलिनॉयला बाहेरून सीएसमध्ये शिरणं जवळपास बंदच आहे, त्यामुळे इंजिनिअरिंग अनडिक्लेअर्डमध्ये शिरू मग बघू, असं धरून चालू नका.

शोधून सापडलं नाही तर सरळ अ‍ॅडमिशन ऑफिसला ईमेल करा, आणि ते मुलाने करायचं, पालकांनी नाही. प्रश्न नेमका विचारा: गेल्या वर्षी किती जणांनी या मेजरमध्ये बदलून यायला अर्ज केला आणि किती जणांना मिळालं? "बदलता येतं का" असं विचारलंत तर "हो येतं" असंच उत्तर येईल, ते खोटं नसतं, पण त्याचा उपयोग नसतो.

आता हे सगळं कशासाठी, कारण मुलं खरंच मेजर बदलतात. अमेरिकन सरकारच्या शिक्षण आकडेवारी केंद्राने २०११-१२ ला कॉलेज सुरू केलेल्या मुलांचा मागोवा घेतला होता, त्यात बॅचलर्स करणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांनी तीन वर्षांच्या आत निदान एकदा मेजर बदललेलं होतं. म्हणजे तुमचं मूल आज कितीही ठाम असलं तरी तीनात एक शक्यता आहे. माझं स्पष्ट मत असं की मूल डळमळीत असेल तर जास्त नाव असलेल्या पण बंद दाराच्या कॉलेजपेक्षा थोडं कमी नावाचं पण बदलू देणारं कॉलेज चांगलं, रँकिंगमधले दहा-वीस नंबर इकडेतिकडे झाले तरी चालतील.

पायरी ३ : फाइल काय सांगतेय ते बघा

शीट झाली, आता मुलाकडे. एका कागदावर तीन गोष्टी लिहायच्या: नववीपासून कुठले विषय घेतले आणि त्यात मार्क कसे, शाळेबाहेर वेळ कशात गेला, आणि कुणी न सांगता स्वतःहून काय वाचलं-बनवलं-बघितलं. मग हा कागद मुलाला न ओळखणाऱ्या कुणाला तरी द्या आणि विचारा, या मुलाचं मेजर काय वाटतं? अ‍ॅडमिशन ऑफिसर अगदी हेच करतो. कागद इकॉनॉमिक्स म्हणत असेल आणि फॉर्म मेकॅनिकल म्हणत असेल तर फॉर्म कमजोर पडतो, मार्क कितीही असले तरी.

इंजिनिअरिंगला कॅल्क्युलस आणि फिजिक्स असणं जवळपास गृहीत धरलेलं असतं. इथे अमेरिकेत वाढलेल्या मुलाने अकरावी-बारावीत फिजिक्स टाळलं असेल तर ते लगेच दिसतं. भारतातून अर्ज करणाऱ्यांमध्ये एचएससी सायन्स पीसीएमवाल्यांची ही अडचण नसते पण त्यांची दुसरी असते, दोन वर्षं जेईईच्या इंटिग्रेटेड बॅचमध्ये गेलेली असतात, कॉलेजात हजेरी नावाला, त्यामुळे शाळेबाहेर काही केलेलंच नसतं आणि रेकमेंडेशन लिहायला मुलाला ओळखणारे शिक्षक नसतात. अशा मुलांनी निदान बारावीच्या आधीच्या सुट्टीत एक काम धरावं, छोटं असलं तरी चालेल पण पूर्ण केलेलं. कॉमर्सला मॅथ्स न घेता गेलेल्यांनी एक लक्षात ठेवा, अमेरिकेत इकॉनॉमिक्सला पण कॅल्क्युलस लागतं, इंटरमीडिएट मायक्रो आणि इकॉनॉमेट्रिक्स त्याशिवाय झेपत नाही.

पायरी ४ : मेजरचं नाव सोडा, कोर्सेस वाचा

मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी पायरी हीच आहे आणि नेमकी हीच कुणी करत नाही. प्रत्येक डिपार्टमेंटच्या साइटवर चार वर्षांचा सँपल प्लॅन असतो. तो उघडा, पहिल्या वर्षाचं सोडून द्या (ते सगळीकडे सारखंच असतं), तिसऱ्या वर्षाचे कोर्सेस काढा आणि प्रत्येकाचं वर्णन मुलाला वाचू द्या. वाचून उत्सुकता वाटते की कंटाळा येतो, एवढंच बघायचं.

सीएस म्हणजे अ‍ॅप बनवणं असं समजून येणाऱ्या मुलाला डिस्क्रीट मॅथ्स, अल्गोरिदम्स, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन दिसतं आणि कळतं की हे बरंचसं गणित आहे. ज्याला मशिनला हात लावायचाय त्याच्यासाठी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, सर्किट्स आणि आर्किटेक्चर जास्त. ज्याला माणसं सॉफ्टवेअर कसं वापरतात यात रस आहे त्याने इन्फर्मेशन सायन्स, इन्फर्मॅटिक्स किंवा कॉग्निटिव्ह सायन्स बघावं, हे आपल्याकडे कुणी सुचवतच नाही. ज्याला आकडे आवडतात पण सिस्टीम्स आवडत नाहीत त्याला स्टॅटिस्टिक्स किंवा डेटा सायन्स. बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या नावातल्या बायोला भुलून डॉक्टरकीकडे जाणारी मुलं तिथे जातात आणि सिग्नल्स-सिस्टीम्समध्ये अडकतात, तो मुळात इंजिनिअरिंगचा कोर्स आहे. सायकॉलॉजीत रिसर्च मेथड्स आणि स्टॅटिस्टिक्स सक्तीचं असतं हे कळल्यावर निम्म्यांचे चेहरे बदलतात. इकॉनॉमिक्स, फायनान्स, बिझनेस हे तीन वेगळे आहेत, आणि कित्येक चांगल्या कॉलेजांत अंडरग्रॅडला बिझनेस मेजर नसतंच, तिथे इकॉनॉमिक्सच असतं.

वर्णन वाचून कळलं नाही तर एमआयटीच्या ओपन कोर्सवेअरवर त्या विषयाची लेक्चर्स फुकट आहेत, दोन-तीन बघा. पहिलं लेक्चर सगळ्यांनाच आवडतं, म्हणून मधलं एखादं लावा.

पायरी ५ : सीएसचं काय करायचं

याच्यावर वेगळं लिहायलाच हवं कारण आपल्या घरांमध्ये निम्मे प्रश्न इथेच येतात.

मूल खरंच सीएसचं असेल, फाइल तसं सांगत असेल, तर सीएस टाका. गर्दीला घाबरून दुसरं काही टाकू नका. फक्त लिस्ट अशी बनवा की त्यात थेट मेजरवाली कडक कॉलेजेस मोजकीच असतील आणि बाकी अशी, जिथे आत गेल्यावर सीएस मिळतंच किंवा गर्दीच कमी आहे. सगळी दहाच्या दहा कॉलेजेस तिसऱ्या प्रकारची आणि सगळीकडे सीएस, अशा लिस्टा मी दरवर्षी बघतो आणि मार्चमध्ये त्या घरांतलं वातावरण पण बघतो, खरंच त्रास होतो.

मूल सीएसच्या बाजूचं असेल तर बाजूचंच टाका, आणि ते मनापासून. इलिनॉयला सीएस प्लस एक्स असा प्रकार आहे, सीएस आणि लिंग्विस्टिक्स, सीएस आणि इकॉनॉमिक्स, सीएस आणि फिलॉसॉफी, अशा जोड्या. ज्याला दोन्हीत रस आहे त्याच्यासाठी ही सुंदर व्यवस्था आहे, पण तिथला अर्ज वाचणारा दुसऱ्या विषयाचा पुरावा शोधतो आणि तो नसला तर लगेच ओळखतो.

आणि मागचं दार. अँथ्रोपॉलॉजी टाकून आत जा मग सीएसला बदल, हा सल्ला पैसे घेऊन देणारे पण लोक आहेत. तो देऊ नका, घेऊ नका. तिसऱ्या प्रकारच्या कॉलेजात हे दार बंद आहे, म्हणजे मूल चार वर्षं नको त्या विषयात बसणार किंवा ट्रान्सफर घेऊन निघणार. पहिल्या प्रकारच्या कॉलेजात त्याची गरजच नाही. आणि ज्या सतरा वर्षांच्या मुलाने कधी त्या विषयाचं एक पुस्तक उघडलं नाही त्याच्याकडून त्या विषयाच्या प्रेमाचा एसे लिहून घेणं, हे मला मुलावर अन्याय केल्यासारखं वाटतं.

पायरी ६ : डॉक्टर व्हायचंय त्यांच्यासाठी, थोडक्यात

प्रीमेड (बॅचलर्सनंतरच्या मेडिकल स्कूलची तयारी) हे मेजर नाही. कुठलंही मेजर घ्या, हिस्टरी घेतलं तरी चालतं, फक्त मेडिकल स्कूलला लागणारे बायॉलॉजी, जनरल आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री, फिजिक्स हे कोर्सेस करायला हवेत आणि जीपीए वर ठेवायला हवा. भारतातून येणाऱ्यांनी मात्र नीट विचार करा, अमेरिकेतल्या बऱ्याच मेडिकल स्कूल्स इंटरनॅशनल विद्यार्थी घेतच नाहीत, त्यामुळे डॉक्टरच व्हायचं असेल तर भारतातला एमबीबीएसचा रस्ता सोडून इथे बॅचलर्सला येणं हा मोठा धोका आहे. नर्सिंग, फार्मसीचे सहा वर्षांचे प्रोग्रॅम, आर्किटेक्चरचा पाच वर्षांचा बी.आर्क., डिझाइन, संगीत, यांना नंतर बदलून जाणं अवघड असतं, म्हणून यातलं काही करायचं असेल तर सुरुवातीलाच टाका आणि पोर्टफोलिओ किंवा ऑडिशनच्या तारखा वेगळ्या बघा.

पायरी ७ : व्हिसा आणि पैसे

एफ-१ वर (स्टुडंट व्हिसावर) येणाऱ्यांना डिग्रीनंतर १२ महिन्यांचं ओपीटी (आपल्या विषयात काम करायची परवानगी) मिळतं आणि मेजर स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत असेल तर आणखी २४ महिने, एकूण तीन वर्षं. पण स्टेम आहे की नाही हे मेजरच्या नावावर ठरत नाही, सीआयपी कोडवर (प्रत्येक विषयाच्या सरकारी नंबरवर) ठरतं, आणि तो कोड तुमच्या आय-२० वर (व्हिसासाठी कॉलेज देतं त्या फॉर्मवर) छापलेला असतो. इकॉनॉमिक्सचं उदाहरण घ्या: ४५.०६०१ म्हणजे जनरल इकॉनॉमिक्स, स्टेम नाही. ४५.०६०३ म्हणजे इकॉनॉमेट्रिक्स अँड क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स, स्टेम आहे. दोन कॉलेजांत तेच मेजर, जवळपास तेच कोर्सेस, आणि कोड वेगळा असला की दोन वर्षांचा फरक. म्हणून शीटमध्ये सीआयपी कोडचा रकाना करा, बहुतेक कॉलेजांच्या रजिस्ट्रारच्या पानावर यादी असते. नियम सरकार बदलू शकतं, तेव्हा अर्जाच्या वर्षी सरकारी साइटवरची यादी परत बघायची.

हे फक्त भारतातून येणाऱ्यांचं नाही. इथे एच-४ वर (एच-१बीवाल्या पालकांच्या मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर) वाढलेली आपली कितीतरी मुलं आहेत, ग्रीन कार्डची रांग संपत नाही, आणि २१ पूर्ण झालं की एच-४ जातं, बहुतेकांना कॉलेजच्या मध्येच एफ-१ वर जावं लागतं. शिवाय एच-४ वर असताना मुलांना पगारी इंटर्नशिप करता येत नाही. तेव्हा "आम्ही तर इथेच राहतो" म्हणून हा रकाना रिकामा ठेवू नका, आणि कोऑपवाल्या (शिकताना मधेच काही महिने पगारी काम करायला लावणाऱ्या) कॉलेजांचा विचार असेल तर व्हिसा कधी बदलायचा हे आधीच वकिलाला विचारून घ्या.

पैशाचं, एवढंच की बऱ्याच सरकारी युनिव्हर्सिट्यांत इंजिनिअरिंग, बिझनेस, सीएसची फी बाकीच्यांपेक्षा जास्त असते. साइटवर पहिल्यांदा दिसते ती बेस फी. तुमच्या मेजरची शोधा. पगाराबद्दल उत्सुकता असेल तर कॉलेज स्कोअरकार्ड या सरकारी साइटवर कॉलेजनिहाय आणि विषयनिहाय कमाई दिसते, काकांच्या ओळखीतल्या कुणाच्या तरी पॅकेजपेक्षा ते जास्त भरवशाचं.

पायरी ८ : अनडिक्लेअर्ड आणि दुसरी पसंती

पहिल्या प्रकारच्या कॉलेजांत अनडिक्लेअर्ड टाकायला अजिबात लाजू नका, पण एसेमध्ये "मला माहीत नाही" असं न म्हणता कुठल्या दोन-तीन प्रश्नांमध्ये ओढाताण आहे ते लिहा. तिसऱ्या प्रकारात अनडिक्लेअर्ड टाकलंत तर गर्दीची मेजर्स बहुतेक हातची गेली असं समजा.

दुसरी पसंती विचारणाऱ्या ठिकाणी, यूटी ऑस्टिन, इलिनॉय, काही यूसी कॅम्पस, ती भरताना एकच कसोटी लावा: हेच मिळालं तर मूल आनंदाने जाईल का? पहिली सीएस आणि दुसरी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग टाकली तर दुसरीकडे पण तेवढीच गर्दी, ती फुकट जाते. बर्कली आणि यूसीएलए दुसरं मेजर धरत नाहीत, बाकीच्या कॅम्पसमध्ये कोण धरतं ते यूसीच्या साइटवर बघून घ्या.

पायरी ९ : फॉर्म आणि एसे

कॉमन अ‍ॅपमध्ये मेजरचा प्रश्न प्रत्येक कॉलेजच्या स्वतःच्या भागात असतो, म्हणजे वेगवेगळ्या कॉलेजला वेगळं मेजर टाकता येतं आणि त्यात गैर काही नाही. पण एज्युकेशनच्या भागात फ्यूचर प्लॅन्स म्हणून करिअर इंटरेस्ट विचारतात, तो भाग सगळ्या कॉलेजांना सारखाच जातो. तिथे डॉक्टर आणि मेजर कॉम्प्युटर सायन्स, असं जायला नको. ६५० शब्दांचा मुख्य एसे पण सगळीकडे तोच जातो, त्यात "मी जन्मजात इंजिनिअर" असं लिहून दोन कॉलेजांत इकॉनॉमिक्स टाकलं की जुळत नाही.

का हे मेजर, हा छोटा एसे पर्ड्यू, इलिनॉय, यूटी ऑस्टिन असे बरेच जण मागतात आणि थेट मेजरवाल्या ठिकाणी तो फार मोलाचा. "लहानपणापासून मला कॉम्प्युटरची आवड" अशी सुरुवात हजारो मुलं करतात. त्यापेक्षा एक खरी घटना घ्या, तिच्यातून पडलेला प्रश्न घ्या, आणि तो प्रश्न या विषयात कुठे सुटतो ते सांगा. समजा पुण्यातल्या एका मुलीने सोसायटीच्या टँकरच्या पाण्याचा हिशोब वर्षभर शीटवर ठेवला, तिला दिसलं की नोंदलेले लिटर आणि टाकीतली पातळी जुळत नाही, मग मोजमापातली चूक आणि खरी तूट वेगळी कशी काढायची हे तिने शोधलं. हा स्टॅटिस्टिक्सचा एसे झाला, आणि त्यात आवड हा शब्द एकदाही आला नाही तरी चालतो. शेवटी त्या कॉलेजातला एखादा नेमका कोर्स किंवा लॅब, जो पायरी ४ मध्ये वाचताना सापडलाय. ज्यांनी ती पायरी केली त्यांना इथे काही शोधावं लागत नाही.

तारखा: अर्ली (लवकरचे अर्ज) बहुतेक १ किंवा १५ नोव्हेंबर, यूसी आणि कॅल स्टेट साधारण नोव्हेंबरअखेर, रेग्युलर जानेवारीच्या सुरुवातीला. शीट ऑगस्टच्या आत पूर्ण हवी. मेजर काय हे गणपतीत घरी जमलेल्या लोकांसमोर ठरवू नका. मुलाला सगळ्यांसमोर विचारलं की ते उत्तर लोकांना देतं, स्वतःला देत नाही. दोघंच बसा, कागद समोर ठेवा, आणि निदान पहिला अर्धा तास पालकांनी फक्त ऐका.

पायरी १० : अ‍ॅडमिट आल्यावर

पत्र उघडल्यावर आनंदात एक ओळ निसटते, कुठल्या मेजरला किंवा स्कूलला घेतलंय ती. पहिल्या पसंतीला, दुसऱ्या पसंतीला, प्रीमेजर म्हणून की अनडिक्लेअर्ड म्हणून, सगळ्याचे अर्थ वेगळे. प्रीमेजर असेल तर मेजरमध्ये जायला कुठले कोर्सेस, किती जीपीए आणि जागा किती, हे डिपार्टमेंटच्या अ‍ॅडव्हायझरकडून ईमेलवर लिहून घ्या, फोनवरचं सांगणं धरू नका. शक्य असेल तर त्याच डिपार्टमेंटच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या एक-दोन मुलांशी बोला, लागणारे कोर्सेस रजिस्ट्रेशनला मिळतात का ते विचारा, कारण कागदावर मेजर आणि वर्गात जागा नाही असं पण होतं. हे सगळं १ मेच्या आत, डिपॉझिट भरायच्या आधी. आणि दोन कॉलेजांमध्ये अडकलात तर दोन्हींचे तिसऱ्या वर्षाचे कोर्सेस परत काढून मुलापुढे ठेवा.